परमुलखातला मांजऱ्या

आमच्याकडे कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या परिचराला ‘मामा’ म्हणतात. पद्धत प्रेमळ आहे. तिचा आणखी एक फायदा आहे, तो कोणी बोलून दाखवत नाही: नातं जोडलं की नाव विचारावं लागत नाही. मी प्राणिशास्त्र शिकवायला लागलो त्या दिवशी मला सांगण्यात आलं, “काही लागलं तर मामांना सांगा.” पुढची कित्येक वर्षं मला जे जे लागलं ते मी मामांना सांगत राहिलो. त्यांना काय लागतं हे विचारायची वेळ आली नाही, कारण तशी पद्धत नव्हती.

कॉलेज वर्ध्यापासून एसटीने तासाभरावर. मी बोरगाव मेघेहून येऊन-जाऊन करायचो, मामा अल्लीपूरहून. उंच, काटकुळे, शर्टाच्या वरच्या खिशात कायम आगपेटी. बिडी नाही, सिगारेट नाही, देवापुढे दिवा लावणारेही नव्हते. आगपेटी कशासाठी, हा प्रत्येक नव्या बॅचचा पहिला प्रश्न असायचा. उत्तर प्रॅक्टिकलच्या वेळी मिळायचं. मामा मेलेल्या सापाचं तोंड आगकाडीने अलगद उघडायचे, काडी जबड्यात उभी टेकवायचे आणि म्हणायचे, “या, पाहून घ्या. बाईनं आ केला.”

प्रत्येक सापाला ते ‘बाई’ म्हणत. नर असला तरी. “वरून समजत नाई ना, सर,” ते म्हणायचे. “मंग मान देऊन बोललेलं बरं.”

त्यांच्या सायकलच्या कॅरिअरला बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा बांधलेला असे. कुठे साप मारल्याचं कळलं की मामा तिथे हजर. त्यांचा स्वतःचा नियम होता: बरणीसाठी साप मारायचा नाही, दुसऱ्याने मारलेला तेवढा घ्यायचा. जीवहत्या न करण्याचं पहिलं शील ते तोंडाने म्हणत नसत, डब्याने पाळत. शेताच्या धुऱ्यावर काठ्या घेऊन उभ्या असलेल्या माणसांना ते विचारत, “झालं का मारून? मंग आता द्या अथी. मेल्यावर तरी कामी येऊ द्या तिले.” लोक हसायचे. पण द्यायचे. विभागाचं संग्रहालय म्हणून जी एक खोली होती, तिच्यातले जवळपास सगळे साप असे मामांच्या डब्यातून आलेले होते.

त्या सगळ्या बरण्यांना मामांच्या हातची लेबलं होती. शाईच्या टाकाने, केसासारख्या बारीक अक्षरात. वर इंग्रजी मोठ्या लिपीत शास्त्रीय नाव, खाली मराठीत ठिकाण, त्याखाली संग्राहक. संग्राहक म्हणून सगळीकडे आमच्या विभागप्रमुखांचं नाव असे, कारण त्यांचा तसा आदेश होता. विभागप्रमुख पाल दिसली तरी स्टुलावर चढत. एकदा एका पाहुण्याला संग्रहालय दाखवताना ते म्हणाले, “हे सगळे मी स्वतः पकडलेत.” मामा दारात उभे होते. ते स्टाफरूममध्ये असोत की संग्रहालयात, कायम दारातच उभे राहत. “दारातून दोन्हीकडचं दिसते,” असं म्हणत. पाहुण्याने कौतुकाने विभागप्रमुखांकडे पाहिलं.

“बरं झालं,” मामा म्हणाले.

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. मला ते एका साध्या माणसाचं समाधान वाटायचं.

लेबलाबद्दल मात्र त्यांचा एक हट्ट होता. संग्राहकाच्या जागी कोणाचंही नाव टाका, त्यांची हरकत नव्हती. ठिकाण खोटं टाकायचं नाही. “नाव चुकलं तर एका माणसाचं नुकसान होते, सर,” त्यांनी मला एकदा समजावलं. “ठिकाण चुकलं तर सापाचं घरच बदलते. पन्नास वर्षांनी कोणी पोरगं वाचन अन् तथी जाऊन शोधत बसन.”

मांजऱ्या त्यांचा लाडका. मांजऱ्या म्हणजे मांजरीसारखी उभी बाहुली असलेला, बारीक मानेचा, निशाचर साप. आमच्या भागात तो बराच सापडतो आणि बराच मरतो, कारण लोक त्याला विषारी फुरसं समजतात. एकदा कॉलेजच्या ऑफिसमधल्या कपाटात एक जिवंत मांजऱ्या निघाला. मामांनी तो सोडून देण्याआधी थेट माझ्या वर्गात आणला आणि वर्गासमोर त्याला आपलं बोट चावू दिलं. पहिल्या बाकावरच्या मुली किंचाळल्या. मी दारापर्यंत पोचलो होतो, हेही लिहून टाकतो.

“घाबरू नोका,” मामा बोटाला लटकलेल्या सापाकडे पाहत शांतपणे शिकवू लागले. “नागाचे दात समोर राह्यते. डसला का काम खतम. हिचे इखाचे दात मागं, जबड्यात पार आत. म्हणून हिले घाई करून जमत नाई. धरून ठेवा लागते, चावत राहा लागते, चावत राहा लागते. मंग कुठी इख उतरते. तेही पाल-सरड्यापुरतं. हे पाहा, अजून समोरच्याच दातानं चावून राह्यली.”

“अन् माणसाले, मामा?” मागून कोणीतरी विचारलं.

“माणूस तवर बोट काढून घेते,” मामा म्हणाले, आणि त्यांनी बोट काढून घेतलं. “बस झालं, बाई. शिकवून झालं.”

त्या वर्गातल्या एकाही मुलाने परीक्षेत मांजऱ्याचा प्रश्न चुकवला नाही. मी जे तीन तास फळ्यावर शिकवलं होतं, ते मात्र बहुतेकांनी चुकवलं.

आता मुख्य गोष्ट सांगायला हवी. मी ती टाळतो आहे, हे माझ्या लक्षात आलेलं आहे.

कॉलेजच्या गावाच्या बायपासवर एक रोपवाटिका होती. एका उन्हाळ्यात तिथे केरळातून रोपांचा ट्रक आला: सुपारी, मिरी, जायफळ. विदर्भाच्या उन्हात जायफळ लावून पाहणारे लोक आहेत, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. ट्रक रिकामा करताना ओल्या काथ्याच्या गुंडाळीतून एक साप निघाला. मजुराने फावडं घातलं. दुपारी मामांचा डबा माझ्या टेबलावर होता.

विभागप्रमुखांनी दहा फुटांवरून पाहिलं आणि म्हणाले, “फुरसं.”

“फुरसं नोहे, सर,” मामा आगकाडी काढत म्हणाले. “मांजऱ्या हाय. पण आपल्या इकडचा नोहे. मान पाहा, शेपटी पाहा केवढी लांब. हा झाडावर राहणारा हाय. ओल्या डोंगरातला, जथी बारमाही झाडं हिरवी राह्यते. अथी याले दोन दिवसांत घाम फुटला असता.”

मी चार दिवस पुस्तकं आणि खवले मोजण्यात घालवले. मामांनी चार मिनिटांत सांगितलं होतं तेच निघालं. दक्षिणेकडच्या घाटातल्या सदाहरित जंगलातला मांजऱ्या. आमच्या जिल्ह्यात, अख्ख्या विदर्भातही, तो सापडल्याची नोंद नव्हती. सापडायचं काही कारणही नव्हतं.

हे ऐकून विभागप्रमुख प्रथमच सापाच्या जवळ आले.

“नोंद नाही म्हणता? म्हणजे आपलीच पहिली!”

“सर, तो ट्रकमधून आला.”

“ट्रक कोणी पाहिला?”

“मामांनी.”

“मामांना कोण विचारतंय?” ते खरोखर आश्चर्याने म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “आपल्या जिल्ह्यात जंगल आहे ना? डोंगर आहे ना? मग साप का नसेल?”

आमच्या उत्तरेकडच्या टेकड्यांना डोंगर म्हणायला मनाचा थोडा मोठेपणा लागतो. तो त्या दिवशी माझ्याकडे होता. मी तेव्हा तासिका तत्त्वावर होतो, म्हणजे दर वर्षी उन्हाळ्यात माझी नोकरी संपायची आणि पावसाळ्यात पुन्हा लागायची, किंवा लागायची नाही. कायम जागेची मुलाखत तोंडावर होती आणि एका छापील शोधनिबंधाला तिथे वजन होतं. विभागप्रमुखांनी मला काही धमकी दिली नाही. ते फक्त म्हणाले, “पहिलं नाव माझं, दुसरं तुमचं.” मी बसलो आणि लिहिलं: जिल्ह्याच्या उत्तर भागातील डोंगराळ जंगलात आढळला.

लिहिताना संग्राहकाचा उल्लेख करायची वेळ आली. निदान तेवढं तरी खरं लिहावं म्हणून मी पेन उचललं, आणि माझ्या लक्षात आलं की मला मामांचं नाव माहीत नाही. आडनाव नाही, वडलांचं नाव नाही, काहीच नाही. इतक्या वर्षांनी जाऊन “मामा, तुमचं नाव काय?” असं विचारायचं कसं? आपल्याकडे आडनाव विचारणं म्हणजे जात विचारणं, आणि आपण तसले नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. त्यांच्या घरावर पंचशीलाचा झेंडा असतो हे मला कधीचं माहीत होतं. जे कळून घ्यायचं ते मला न विचारता कळलेलं होतं. राहिलं होतं ते नाव. ऑफिसातल्या मस्टरमध्ये ते मिळालं असतं, ऑफिस वीस पावलांवर होतं. मी खुर्चीवरून उठलो नाही. मी इंग्रजीत लिहिलं, ‘एका स्थानिक मदतनिसाच्या साहाय्याने.’

निबंध छापून आला. मामा दारात येऊन उभे राहिले.

“सर, आपली बाई छापून आली म्हणते. मराठीतून सांगता का काय लिवलं ते?”

मी वाचून दाखवलं. खवल्यांचे आकडे सावकाश, ठिकाण घाईघाईत. मदतनिसाच्या ओळीपाशी आलो तेव्हा कागदावर बोट ठेवून म्हणालो, “आणि हे बघा, इथे तुमचा उल्लेख आहे. आमच्या विभागातील मामा, असा.” 

मामांनी माझ्या बोटाखालच्या ओळीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“बरं झालं,” ते म्हणाले, आणि निबंधाची एक प्रत मागून घेतली.

मला हायसं वाटलं. तीस वर्षं लॅटिन नावं बिनचूक लिहिणाऱ्या माणसाला इंग्रजी अक्षरं वाचता येत असतील, हे मला सुचलं नाही. मी प्राध्यापक होतो.

पुढच्या आठवड्यात विभागप्रमुखांनी त्यांना नवं लेबल लिहायला सांगितलं. मामांनी हात पुढे करून दाखवला. “हाताले कंप सुटला, सर. लिवणं जमत नाई.” हात लाकडासारखा स्थिर होता. शेवटी लेबल मी कॉम्प्युटरवर छापलं. संग्रहालयातलं ते एकमेव छापील लेबल. मामा म्हातारे होत चालले, असं मी घरी बायकोला सांगितलं.

मुलाखत चांगली झाली. मी कायम झालो. विभागप्रमुख पुढे प्राचार्य झाले. मामा निवृत्त झाले तेव्हा निरोपाला सगळे भरभरून बोलले. मीही बोललो. एकाही भाषणात त्यांचं नाव आलं नाही. स्मृतिचिन्हावर सोनेरी अक्षरांत ‘आदरणीय मामांना सप्रेम भेट’ असं कोरलेलं होतं. ते त्यांनी दोन्ही हातांत धरून वाचलं.

“बरं झालं,” ते म्हणाले, आणि बिस्किटांचा डबा सायकलला बांधून अल्लीपूरला गेले.

यंदा आमच्या संग्रहालयाचं नूतनीकरण झालं. काचेच्या पेट्या, आतून दिवे, भिंतीवर रंगीत फलक. समोरच्या भिंतीच्या मधोमध, तिला टेकून, एका वेगळ्या पेटीत आमची ती बरणी. वर पाटी: ‘आपल्या जिल्ह्याचा मान’. उद्घाटनाला जुन्या कर्मचाऱ्याचा सत्कार केला तर चांगलं दिसेल, असं प्राचार्यांना वाटलं. ते मला म्हणाले, “मामांना बोलवा. शाल, श्रीफळ, प्रमाणपत्र. प्रमाणपत्रावर नाव लागेल, ते विचारून या.” विभागप्रमुख आता मी आहे. मी अल्लीपूरला गेलो.

मामांच्या घरात स्वयंपाकघरातली फळी पाहून मी थबकलो. प्रत्येक डब्याला लेबल. टाकाचं तेच अक्षर. ‘तुरीची डाळ. ठिकाण: अल्लीपूर, स्वतःचं वावर.’ ‘आंब्याचं लोणचं. ठिकाण: नाचणगाव, साळ्याकडचं झाड.’ आणि प्रत्येकावर तिसरी ओळ, संग्राहक. लोणच्यावर मामींचं पूर्ण नाव होतं, त्यांच्या माहेरच्या आडनावासकट.

“यायनं मलेही लेबल चिकटवलं असतं,” मामी चहा ठेवत म्हणाल्या. “मी एका जागी बसत नाई म्हणून वाचली.”

मी सत्काराचं सांगितलं. मामा हसले. “शाल कायले, सर? वैशाखात शाल देता का?”

“प्राचार्य म्हणाले, मामांशिवाय संग्रहालय झालंच नसतं.”

“बरं झालं,” मामा म्हणाले.

मामी फिस्सकन हसल्या. “सर, तुमाले अजून समजलं नाई का? यायनं ‘बरं झालं’ म्हटलं का समजाचं, समोरचा खोटं बोलून राह्यला. मले लग्नात सासू म्हणे, पोरगा लय शांत हाय. हे बाजूले उभे. म्हणे, बरं झालं!”

इतक्या वर्षांतली ती सगळी ‘बरं झालं’ एकामागून एक परत येऊ लागली. दारातलं, निरोपाचं. आणि माझ्या बोटाखालच्या ओळीवरचं.

“मामा,” मी म्हणालो, “तो निबंध तुम्ही...”

“वाचला ना. तुमी वाचून दाखवला, त्याच्यानंतर मी वाचला. दोन महिने लागले. डिक्शनरी आणलती.” आवाजात राग नव्हता. माझ्या पुरवणीत चूक दाखवावी तसे ते बोलत होते. “माझं नाव टाकलं नाई, तेवढं तुमी चांगलं केलं.”

“मला तुमचं नाव माहीत नव्हतं,” मी म्हणालो. मला वाटलं होतं हे सांगणं फार कठीण जाईल. कठीण गेलं ते त्याचा त्यांच्यावर काही परिणाम झाला नाही हे पाहणं.

“ते मले माहीत होतं. नावाचं नाई म्हणत मी. ठिकाण खोटं होतं, सर. खोट्या ठिकाणाखाली माझं नाव असतं तर मी तुमच्याशी भांडलो असतो.”

ते उठले. आतून तो बिस्किटांचा डबा घेऊन आले. डब्यात आता साप नव्हते, कागद होते. त्यांनी एक लेबल काढलं. कागद पिवळा पडलेला, शाई मात्र काळीभोर. ‘मांजऱ्या, परमुलखातला. ठिकाण: बायपासवरची रोपवाटिका, केरळातून आलेला ट्रक.’ खाली संग्राहक, आणि पुढे त्यांचं नाव, वडलांचं नाव, आडनाव. ज्या दिवशी साप आला त्याच दिवशी लिहिलेलं.

“तवाच लिवलं होतं. लावाले भेटलं नाई,” ते म्हणाले. “तुमी आता साहेब हा. लावान का?”

“लावतो,” मी म्हणालो.

“शाल नको. हे लावा.”

ते नाव मी आता कधी विसरणार नाही. इथे लिहीत नाही, कारण खरी लेबलं लावण्याचा माझा लौकिक अजून व्हायचा आहे.

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी मी संग्रहालयात एकटा गेलो. पेटीचं कुलूप उघडलं, बरणी बाहेर काढली. समोरच्या बाजूला माझं छापील लेबल. ते काढायचं म्हणजे उद्या पाहुण्यांसमोर प्राचार्यांना सांगायचं की जिल्ह्याचा मान ट्रकमधून आला. मग त्या निबंधाचं सांगायचं. मग माझ्या मुलाखतीचं. मी बरणी उजेडात धरली. आतला साप आपल्या उभ्या बाहुल्यांनी माझ्याकडे पाहत होता, म्हणजे पाहत नव्हता. फॉर्मॅलिनमध्ये डोळे तसे दिसतात. माणूस तवर बोट काढून घेते, असं मामा म्हणाले होते. मी काढून घेतलं नव्हतं, नोकरी होती बोटाला. एवढ्या वर्षांनी आता ते विष अंगात उतरत होतं.

मी मामांचं लेबल काळजीपूर्वक चिकटवलं. कोपरे दाबून, एकही बुडबुडा न ठेवता. बरणीच्या मागच्या बाजूला. मग बरणी परत पेटीत ठेवली, लेबल भिंतीकडे करून, आणि कुलूप लावलं.

उद्घाटन थाटात झालं. प्राचार्यांनी फीत कापली आणि आपण तो साप जंगलात कसा शोधला ते सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यात माझ्याही होत्या.

दुसऱ्या दिवशी मामांचा फोन आला.

“झाला का कार्यक्रम?”

“झाला. तुम्ही यायला हवं होतं.”

“लेबल लावलं का, सर?”

“लावलं, मामा.”

“दिसते?”

मी माझ्या खोलीत होतो. उघड्या दारातून समोर संग्रहालय दिसत होतं, त्यातली ती उजळलेली पेटी, आणि पेटीमागची नव्याने रंगवलेली भिंत.

“दिसते,” मी म्हणालो.

पलीकडे मामी भांडी घासत असाव्यात, तो आवाज येत राहिला.

“बरं झालं,” मामा म्हणाले.